जिवंत उदाहरण

माझा धाकटा भाऊ जन्माचा बोलका. शाळेत गुरुजींची नक्कल करायचा. एकदा गुरुजी दाराबाहेर उभं राहून ती ऐकत होते. आत येऊन म्हणाले, "आजचा तास तूच घे." आईला वाटायचं, हा वकील होणार. झाला काचवाला. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा. तिथेही तोंड बंद नसायचं. शिडीवरून खालच्या बाईंना सांगायचा, "काकू, काच अशी बसवतो की पाखरांनी तक्रार केली पाहिजे." काकू हसायच्या आणि चहा आणायच्या. मी शिवणकाम करते. तोंडात टाचण्या धरून दिवस जातो, बोलणार कधी? माझ्या वाट्याचं बोलणंही देवाने त्यालाच देऊन टाकलं असावं.

पुढे तो शिडीवरून पडला आणि कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावर चांगल्या जोरकस गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. मग डॉक्टरांनी हात आखडता घेतला, तेव्हा त्याच गोळ्या तो बाहेरून घ्यायला लागला. त्या परवडेनात, तेव्हा गर्दच्या पावडरीवर आला. हकिगत एवढीच आहे. वाईट संगत नव्हती, प्रेमभंग नव्हता. एक शिडी होती आणि एक कंबर होती.

त्यातून तो बाहेर आला. व्यसनमुक्ती केंद्रात रोज सकाळी औषधाच्या रांगेत उभा राहायचा आणि रांगेला हसवायचा. व्यसनप्रतिबंध कार्यालयाच्या साहेबांनी एकदा ते ऐकलं. शाळाशाळांत जाऊन मुलांना सावध करील असा माणूस ते शोधतच होते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! साहेबांना अनुभवीही मिळाला आणि वक्ताही. शिवाय दिसायला बरा. पहिल्या शाळेत साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून दिली, "मुलांनो, हे आपलं जिवंत उदाहरण." तेव्हापासून कार्यालयात त्याचं नाव तेच पडलं. शिपाईसुद्धा हाक मारायचा, "ओ उदाहरण, गाडी आली."

भाषणाचे शर्ट मी शिवायचे. पांढरे, ताठ कॉलरचे, खांद्याला नेमके. परटाकडे द्यायचे नाहीत, इस्त्री मीच करायची. त्या शर्टात तो पुन्हा माणसासारखा दिसायला लागला, अंगावर मांस आलं. आठवड्याला दोन शाळा, कधी तीन. संध्याकाळी दुकानात येऊन सांगायचा, "ताई, आज टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मुलं अशी घाबरली होती!" मला एकदाही येऊ दिलं नाही. म्हणायचा, "तू समोर असलीस की माझं लक्ष तुझ्याकडे जातं." मला ते खरं वाटलं. आपला भाऊ उभा आहे, ताठ आहे, लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवताहेत, यापुढे माणूस कशाला खोदत बसतं?

अशी बरीच वर्षं गेली.

मग कार्यालयाने एक संशोधक बाई नेमली. अंगाने किरकोळ, आवाज हळू, खांद्याला मोठी पिशवी. ती शाळांमध्ये जाऊन मुलांना प्रश्न विचारायची. जिथे धाकटा बोलून गेला त्या शाळांत, आणि जिथे गेला नव्हता त्याही शाळांत. त्याच मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची. आम्हाला वाटलं, आता सरकारदरबारी शिक्का बसेल आणि त्याची नोकरी पक्की होईल. धाकटा तिला गमतीने म्हणायचा, "मॅडम, मला किती मार्क देणार?"

मार्क सांगायला ती स्वतः दुकानात आली. साहेबांकडून कळण्याआधी आपण समोर बसून सांगावं, असं तिला वाटलं. तेवढी माणुसकी तिच्यात होती, हे मी कबूल करते. धाकटा इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता. ती स्टुलावर बसली आणि आडवळण न घेता म्हणाली, "तुम्ही गेलात त्या शाळांत नंतर नशा करून बघणारी मुलं जास्त निघाली. फार नाही. पण जास्त."

"माझ्यामुळे?"

"नक्की तुमच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यामुळे कमी झाली, असं अजिबात म्हणता येत नाही."

"अहो मॅडम, मुलं श्वाससुद्धा घेत नाहीत मी बोलताना!"

"माहीत आहे. मी मागे बसले होते. ते घाबरणं नाही हो. मुलं गोष्टीत रमलेली असतात. भाषणातलं काय आठवतं असं वर्षाने विचारलं, तर बहुतेक जण पांघरुणाचं सांगतात. पहिल्यांदा घेतल्यावर कसं वाटलं, ते. आणि दुसरी गोष्ट म्हणतात, की यातून बाहेर येता येतं. तुम्ही समोर उभे असता ना, छान शर्ट घालून."

छान शर्ट! माझ्या हातातला बाही जोडायचा तुकडा खाली पडला. धाकटा हसला. असं तो काच फुटल्यावर हसायचा, गिऱ्हाईक समोर असलं की. इस्त्री मात्र टेबलावर तशीच टेकून राहिली आणि कापड जळल्याचा वास आल्यावर आम्हाला समजलं.

साहेबांनी भाषणं बंद केली. त्याऐवजी वर्गशिक्षकांनी दहा-बारा मुलांना गोलात बसवून बोलायचं, कुणी आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं ते करून बघायचं, असं नवं धोरण आलं. धाकट्याला नोकरीवरून काढलं नाही, केंद्राच्या कोठारात टाकलं. तिथे तो खोकी लावायचा. त्यात नाकात मारायच्या फवाऱ्याची खोकीही असायची. पावडर जास्त होऊन श्वास बंद पडत आला, की जवळच्या माणसाने तो मारायचा असतो. शिपाई अजून त्याला 'उदाहरण'च म्हणायचा, पण आता हाक मारायचं कारण नव्हतं.

महिन्याभरात त्याचा शर्ट खांद्यात सैल झाला. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "ताई, मुलं सुधारली की नाही ते मॅडमना ठाऊक. मी मात्र प्रत्येक भाषणात मलाच ऐकत होतो. बोललो की दोन-तीन दिवस निघतात. आता कशावर काढू?"

मी उठले आणि त्या बाईच्या कार्यालयात गेले. ती खरं बोलली होती म्हणूनच मला तिचा जास्त राग होता. खोट्याशी भांडता तरी येतं. मी म्हटलं, "त्याला बोलू दे कुठेतरी. म्हाताऱ्यांपुढे बोलू दे, रिकाम्या खोलीत बोलू दे. नाहीतर तो राहणार नाही."

"मी केंद्रात सांगते. व्यसन सोडणाऱ्यांच्या बैठकीत त्याने यावं."

"तिथे तो नाही बोलणार. तिथल्यांना दाखवायला भिंतीवर त्याचा फोटो लावलाय. आता त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून बसेल होय?"

"मग शाळेत तर नाहीच पाठवता येणार. एका माणसासाठी एवढी मुलं..."

"माझ्यासाठी तो एकच आहे, बाई."

तिने पिशवीशी उगाच चाळा केला. मग म्हणाली, "माझी मुलगी सातवीत आहे. तुमचा भाऊ तिच्या शाळेत येऊन गेलाय. घरी येऊन जेवताना मला म्हणाली, आई, ते काका किती छान सांगत होते." आणि माझ्याकडे बघत राहिली. मला मूल नाही. तरी मी तशीच उठून आले.

मग मीच तोड काढली. दर गुरुवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, आणि त्याने मला भाषण द्यायचं. श्रोता एक. पहिल्या गुरुवारी तो पांढरा शर्ट घालून आला, इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहिला, घसा साफ केला आणि मला म्हणाला, "मुलांनो!" पन्नाशी उलटलेली मी, तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाचा तरी परकर. पण बसले मुकाट.

सुरुवातीलाच कॉलेजातले वाईट मित्र आले. मी म्हटलं, "तू कॉलेजात कधी गेलास?"

"साहेब म्हणाले, डॉक्टरांच्या गोळ्यांचं नको, लोक औषधं घ्यायला घाबरतील. मधे बोलू नकोस."

गोष्ट पुढे सरकली. आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि त्या दिवशी, माझ्या पायी, माझी ताई गेली."

मी टाचण्या थुंकल्या. "मी गेले?"

"भाषणात गं."

"कधीपासून?"

"झाली पाच-सहा वर्षं. आधी तू नुसती आजारी पडायचीस. मग लक्षात आलं, आजारपणाला मुलं चुळबुळ करतात."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर गप्प."

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारचा चप्पलवाला वाकून शटरखालून बघून गेला. डोळे पुसत मी म्हटलं, "चालू दे. मेलेली बाई ऐकतेय."

मग ते पांघरूण आलं. थंडीत कुडकुडत घरी आलेल्या माणसावर कुणीतरी मागून येऊन गरम पांघरूण टाकावं, तसं वाटलं, असं तो म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच झाला. डोळे मिटले. दोन्ही हात वर आले आणि त्याने नसलेल्या पांघरुणाची टोकं गळ्याशी ओढून घेतली. मी आयुष्यभर माणसांची मापं घेतली आहेत. टेप लावला की माणूस खांदे आवळतो आणि विसरला की सोडतो. धाकट्याचे खांदे त्या वेळी असे सुटून खाली आले, की मला उमगलं. भाषणाच्या निमित्ताने हा आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊन येत होता. टाळ्यांचा दोर धरून परत येत होता. आता टाळ्या नव्हत्या, मी एकटी होते.

चार-पाच गुरुवार मी ते ऐकलं. मग मला सोसेना. म्हटलं, "आज पांघरुणाशिवाय सांग."

त्याने प्रयत्न केला. दोन वाक्यं बोलला आणि अडखळला. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडला. शेवटी टेबलाला टेकून म्हणाला, "ते काढलं तर उरतं काय, ताई?"

"मी उरते ना. मला जिवंत ठेव आणि खरं सांग."

बराच वेळ तो कात्री उघडत-मिटत राहिला. मग बोलायला लागला. हात न हलवता, कुठेही न थांबता, एखाद्या ढ पोराने पाठ म्हणावा तसं. "ताईने मला खोलीत कोंडलं. बाहेरून कडी घातली. मी शिव्या दिल्या."

"कुठल्या?"

"त्या शाळेत सांगता येत नाहीत." तो किंचित हसला. "तिने शिलाई मशीन ओढत आणून दाराला लावलं आणि तिथेच शिवत बसली. मला उलट्या, हागवण, अंगात कुणी करवत चालवतंय असं. बाहेर मशीन चालू. मशीन थांबलं की मी दार बडवायचो. मला वाटायचं, ताई गेली. मग ती ओरडायची, 'मेल्या, दोरा संपलाय, ओवू दे!' मग पुन्हा मशीन सुरू. शेवटी ती मला हाताला धरून केंद्रात घेऊन गेली. डॉक्टर तिलाच ओरडले, म्हणाले, असं कोंडतात का, जीव गेला असता. मग औषध सुरू झालं. रोज रांगेत उभं राहायचं. ताई बरोबर यायची. एवढंच."

एवढंच. त्याने वर पाहिलं. "यात काही नाही ना? टाळ्या पडणार नाहीत यावर."

ती दार-मशीनची गोष्ट आम्ही दोघं त्यानंतर कधी बोललोच नव्हतो. मला वाटायचं तो विसरला. मी म्हटलं, "तुला अजून आठवण येते का रे त्याची?"

"ताई," तो शर्टाची बाही सरळ करत म्हणाला, "उदाहरणाला असं विचारत नाहीत." आणि शटर वर करून गेला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. मी शटर अर्धं ओढून वाट बघितली, मग कुलूप लावून त्याच्या खोलीवर गेले. कडी आतून होती. हाका मारल्या. माझा आवाज ऐकून खालचा सुतार आला आणि त्याने दार उचकटलं. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळे पडले होते, अंग गार झालं होतं. खुंटीवर पांढरा शर्ट इस्त्री करून टांगलेला होता. घरातला जुना बनियन घालून तो मेला, शर्ट खराब होऊ नये म्हणून.

ती संशोधक बाई अंत्ययात्रेला आली. बाजूला नेऊन तिने मला सांगितलं, की इतक्या वर्षांनी शरीराची सवय गेलेली असते, जुन्या मापाने घेतलं की तेच माप जीव घेतं. कुणी शेजारी असतं आणि फवारा मारला असता, तर बहुतेक वाचला असता. फवारा! ज्याची खोकी त्याने स्वतःच्या हाताने रचली होती. पण तो घरी न्यायचा तर कुणाला तरी सांगायला हवं, की मला लागेल. घसरलेला माणूस केंद्राचं दार ठोठावतो. हा तिथल्या भिंतीवरच्या फोटोत होता, तो कुणाचं दार ठोठावणार? ती बाई रडत होती. तिचंही चुकलं नव्हतं आणि माझा भाऊ मेला होता.

साहेब दुकानात आले. म्हणाले, "हृदय बंद पडलं असंच सांगू या. केंद्रात इतके जण त्याच्याकडे बघून उभे आहेत. त्यांचा धीर सुटेल."

"हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं, साहेब."

"म्हणजे तसं खोटंही नाही ना," ते म्हणाले. चांगला माणूस आहे, पण झाकली मूठ सव्वा लाखाची हे त्यांच्या हाडीमाशी भिनलंय.

शोकसभा केंद्राच्या मोठ्या खोलीत झाली. रांगेतली सगळी माणसं आली होती. हमाल, रंगारी, एक निवृत्त मास्तरीणबाई, कडेवर लेकरू घेतलेली एक मुलगी. साहेब बोलले, हृदयविकार म्हणाले. मग दिवा मालवून भिंतीवर त्याच्या भाषणाचं चित्रीकरण लावलं. पांढरा शर्ट. "मुलांनो!" कॉलेजचे मित्र आले. मी मेले. माझ्या शेजारचा हमाल माझ्याकडे बघायला लागला. आणि मग पांघरूण. भिंतीवर धाकट्याने टोकं गळ्याशी ओढून घेतली, आणि मी खोलीकडे पाहिलं. कुणी खोकत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या पाचही जणांचे खांदे खाली आले होते.

मी उठले आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. त्याचं तोंड माझ्या साडीवर हलत होतं. "बंद करा ते," मी म्हटलं. साहेब म्हणाले, "ताई, बसा." मी बसले नाही. कुणीतरी दिवा लावला.

मला बोलता येत नाही. मी म्हटलं, "मी ह्याची बहीण. मी मेलेली नाही, मी शिवणकाम करते. हा काचवाला होता, शिडीवरून पडला, डॉक्टरांच्या गोळ्यांनी सवय लागली. आणि हृदयविकाराने गेलेला नाही. पुन्हा घेतली आणि गेला. कुणाला सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होता. मीसुद्धा."

साहेबांनी मान खाली घातली. मागच्या भिंतीला टेकलेल्या रंगाऱ्याने विचारलं, "कडी लावली होती का?"

"हो. आतून."

तो वळून बाहेर गेला.

गुरुवारी सवयीने माझा हात शटरकडे गेला. अर्धं ओढलं आणि काय करायचं ते सुचेना म्हणून इस्त्रीच्या टेबलाशी बसले. बाहेर कुणीतरी वाकलं. तोच रंगारी होता, नखांत पांढरा रंग. आत आला, खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. लोखंडी कडी होती, चार स्क्रूंसकट. एका स्क्रूला दाराच्या लाकडाचा ढलपा तसाच चिकटून आला होता.

"आमच्या खोलीची," तो म्हणाला. "तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे राहिली तर परत लावीन."

"आणि आंघोळीला बसलास, कुणी आत आलं तर?"

"ओरडेन, आहे म्हणून."

मी कडी उचलून बटणांच्या डब्यात ठेवली. मग मशीनवर बसले, कुणाचा तरी अर्धा राहिलेला परकर घेतला, आणि तो स्टुलावर बसून राहिला तेवढा वेळ शिवत राहिले. मधे दोरा संपला. मशीन थांबल्याबरोबर त्याने दचकून वर पाहिलं.

"इथेच आहे," मी म्हटलं, "दोरा ओवतेय."